गोल्डस्मिथ, गोल्डिंग, गोल्डबर्ग: सगळे मूळचे सोनारच का?

पहाटवारा:
कामानिमित्त रोज लंडनच्या ऑफिसशी बोलणं होतं. तिथल्या यादीत ही तिन्ही आडनावं ओळीने आली आहेत. आपल्याकडे सोनार, सराफ, पोतदार ही धंद्यावरून पडलेली आडनावं. यांचंही तसंच असेल का? जाणकारांनी सांगावं.

कसोटी:
तिघांत सोनार एकच, गोल्डस्मिथ. स्मिथ म्हणजे धातू घडवणारा. गोल्डिंगमध्ये 'गोल्डा' हे जुनं इंग्रजी माणसाचं नाव आहे आणि 'इंग' म्हणजे त्याच्या घरातला. नुसतं गोल्ड हे आडनाव तर कधीकधी केसांच्या रंगावरूनही पडलेलं असतं.

गोल्डबर्ग जर्मन वळणाचं, बहुतेक करून ज्यू घराण्यांतलं. अर्थ सोन्याचा डोंगर. १७८७ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग घराण्याच्या राज्यातल्या ज्यूंना कायमची जर्मन आडनावं घ्यायला लावली. तोवर बहुतेकांचं भागायचं ते स्वतःच्या आणि वडिलांच्या नावावर. मग कानाला गोड लागतील असे शब्द जोडून कितीतरी आडनावं तयार झाली. काही गोल्डबर्ग त्या नावाच्या गावावरूनही आले.

मी सराफी पेढीवर लहानाची मोठी झाले, त्यामुळे मला सगळ्यात जिव्हाळ्याचा शब्द हॉलमार्क. यातला हॉल म्हणजे लंडनचा गोल्डस्मिथ्स हॉल, सोनारांच्या संघाची वास्तू. १३०० सालच्या कायद्याने सोनं 'पॅरिसच्या टच'पेक्षा, म्हणजे तिथल्या ठरलेल्या कसापेक्षा, हलकं नको असं ठरलं आणि बिबट्याच्या मुंडक्याचा छाप आला. तेव्हा तपासनीस दुकानोदुकानी फिरत. १४७८ पासून मालच हॉलवर न्यायचा, तिथे पारखून छाप घ्यायचा. म्हणून हॉलमार्क. आज आपण ९१६ च्या शेजारी शिक्का शोधतो, तो शब्द तिथून आला.

आणि तो 'टच' म्हणजे कसोटीच्या दगडावर घासून घेतलेली परीक्षा. आमचे आजोबा काळ्या दगडावर बांगडीची कड ओढायचे, शेजारी माहीत असलेल्या कसाच्या सळईची रेघ, आणि दोन्हींवर तेजाबाचा थेंब. हलक्या सोन्याची रेघ आधी विरते. इंग्रजीत त्या दगडाला टचस्टोन म्हणतात.

जिप्सी:
कसोटीताई, सुंदर प्रतिसाद. एक भर घालतो. सिनेमावाले सॅम्युअल गोल्डविन जन्माने गेल्बफिश. पुढे गोल्डफिश झाले. १९१६ मध्ये सेल्विन बंधूंबरोबर कंपनी काढली, तिला 'गोल्ड' आणि 'विन' जोडून नाव दिलं, आणि पुढे तेच आडनाव स्वतःला लावलं. शिवाय 'गिल्ड' या शब्दाने फसू नका. सोनारांचं गिल्ड असलं तरी त्याचं मूळ वर्गणी, देणं या अर्थाच्या शब्दात आहे. मुलामा देणं या अर्थाचा 'गिल्ड' मात्र सोन्याचाच.

पहाटवारा:
दोघांचे मनापासून आभार! मेरीगोल्डमधलं सोनं कुठलं?

कसोटी:
फुलाच्या रंगाचं. पूर्वी त्या फुलाला नुसतं 'गोल्ड' म्हणत, मध्ययुगीन इंग्रजी कवी चॉसरच्या कवितेत मत्सराच्या डोक्यावर अशाच पिवळ्या फुलांची माळ आहे. पुढे मेरी मातेचं नाव जोडलं गेलं. मुळात गोल्ड आणि यलो हे शब्द एकाच मूळ शब्दातून निघालेत, त्याच कुळात संस्कृत हिरण्य येतं, आणि हरिद्रा म्हणजे आपली हळदही.