घरच्या पीसीबीला (इलेक्ट्रॉनिक सर्किटच्या बोर्डला) कल्हई करायची की तांबं उघडंच ठेवायचं?

खाडीकाठ
मंडळी, परवा एका मित्राने सांगितलं की घरी एच केलेल्या (रसायनाने नको ते तांबं खाऊन काढलेल्या) बोर्डला सोल्डरचा थर देणं म्हणजे वेळ फुकट घालवणं, आणि मला ते अजिबात पटलेलं नाही म्हणून इथे मांडतोय. आमच्याकडे रत्नागिरीत खारी हवा, त्यात पावसाचे चार महिने भिंतीसुद्धा ओल्या. टाकीच्या लेव्हल कंट्रोलरचे दोन बोर्ड एकाच दिवशी केले, एकाला सोल्डरची कल्हई केली, दुसरा तसाच ठेवला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उघड्या बोर्डवर हिरवट पूड जमलेली, आणि सेन्सरकडे जाणारा बारीक ट्रॅक, म्हणजे तांब्याची पट्टी, नखाने खरवडला तर खाली तांबंच उरलं नव्हतं. कल्हईवाला काळपट पडलाय पण आजही चालू आहे. तांब्याचा थर असतो ३५ मायक्रॉन, तो खायला कितीसा वेळ लागतो?

आणि सामान तरी काय लागतं, २५ वॉटचं सोल्डरिंग आयर्न, ६०/४० सोल्डर (साठ टक्के कथील, चाळीस टक्के शिसं), रुंद डिसोल्डर विक (सोल्डर शोषणारी तांब्याच्या तारांची विणलेली पट्टी) आणि आयपीएमध्ये (आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये) विरघळवलेली राळ. तारेच्या घासणीने तांबं गुलाबी होईपर्यंत घासायचं, राळेचं ते द्रावण ब्रशने लावायचं, विकच्या टोकाला सोल्डर पाजायचं आणि आयर्नखाली दाबून ट्रॅकवरून सावकाश ओढत न्यायचं. मागे चकचकीत पातळ थर राहतो, जास्तीचं सोल्डर विक पिऊन टाकते. पोस्टकार्डाएवढा बोर्ड पंधरा मिनिटांत होतो. खिडकी उघडी ठेवा आणि नंतर हात साबणाने धुवा, शिसं आहे त्यात.

बेंचवाला पुणे
दादा, अनुभव खरा असेल पण निष्कर्ष चुकतोय. हिरवं पडण्याचं कारण बहुतेक वेळा एचिंगचं रसायन, म्हणजे फेरिक क्लोराईड, नीट न धुणं हे असतं. आणि तांबं झाकायचंच तर तीच राळ दोन हात मारून वाळू द्या, काम झालं, वर सोल्डर करताना तीच फ्लक्स (सोल्डर नीट धरायला मदत करणारा पदार्थ) म्हणून उपयोगी पडते. कल्हईच्या नादात मी फिनोलिक (कागद-रेझिनच्या स्वस्त) बोर्डचे पॅड, म्हणजे पार्ट सोल्डर करायचे तांब्याचे ठिपके, उचललेत, तो बोर्ड उष्णता सहनच करत नाही. एसएमडीचं (भोकं न पाडता थेट पॅडवर बसणाऱ्या चिमुकल्या पार्टचं) तर बोलूच नका, एक पॅड फुगीर एक चपटा, आयसी ठेवली की डुगडुगते.

खाडीकाठ
धुण्याचं म्हणाल तर दोन्ही बोर्ड एकाच बादलीत खायच्या सोड्याने धुतलेत, तेव्हा फरक कल्हईचाच आहे. राळेचा थर वाळल्यावर ठिसूळ होतो, वायर हलली की तडकतो आणि ओल तिथूनच शिरते. फिनोलिकचं मान्य, तिथे आयर्न एका जागी थांबवायचंच नाही. मी ग्लास इपॉक्सीचा (काचतंतूंचा) बोर्डच वापरतो.

शिकाऊ नगर
मी तर मोटरच्या ट्रॅकवर जाड सोल्डर चढवतो, करंट जास्त वाहतो म्हणून. ते बरोबर ना?

बेंचवाला पुणे
हा समज आधी काढून टाका. सोल्डरचा रोध तांब्याच्या साधारण नऊ पट असतो. म्हणजे ३५ मायक्रॉन तांब्याच्या बरोबरीला यायला सोल्डर जवळपास ०.३ मिमी जाड हवं, विकने ओढलेला थर त्याच्या आसपासही जात नाही. दहा अँपिअर न्यायचे असतील तर ट्रॅकवर दीड स्क्वेअर मिमीची उघडी तांब्याची तार सोल्डर करा.

खाडीकाठ
हे शंभर टक्के बरोबर. कल्हई गंजासाठी, करंटसाठी नाही.

अमीटर
आयर्न कशाला हवंय, रोझ मेटल (बिस्मथ, शिसं आणि कथील यांचा मिश्रधातू) घ्या. साधारण ९५ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे उकळत्या पाण्यात चिमूटभर सायट्रिक अ‍ॅसिड टाकून बोर्ड ठेवायचा, दोन खडे सोडायचे आणि काडीला गुंडाळलेल्या चिंधीने पसरवायचं. आरशासारखा थर येतो, एसएमडीसुद्धा सपाट.

बेंचवाला पुणे
दिसतं सुंदर, पण त्यात अर्धं बिस्मथ असतं. ते शिशाच्या सोल्डरमध्ये मिसळलं की जोड ठिसूळ होऊ शकतो आणि फार कमी तापमानाला मऊ पडतो. रेग्युलेटर तापतो तिथे मी हे कधीच करणार नाही. आणि ते भांडं परत स्वयंपाकघरात न्यायचं नाही, कळवळून सांगतोय.

शिकाऊ नगर
आमच्या आजोबांकडे नवसागर पडलाय, कल्हईवाला भांड्यांना वापरायचा तोच. फ्लक्स म्हणून चालेल का?

खाडीकाठ
नको, बिलकुल नको. भांड्याला कल्हई झाल्यावर ते खळखळून धुतात, बोर्डवर नवसागरातलं क्लोराईड ट्रॅकच्या कडेला आणि भोकांत अडकून बसतं आणि मग तुम्ही जे टाळायला निघालात तेच हिरवं उगवतं. राळच वापरा.

बेंचवाला पुणे
इथे मात्र खाडीकाठांशी सहमत. माझं मत तरी बदललेलं नाही, घरात पंख्याखाली ठेवायच्या बोर्डला राळ बस झाली. पण टाकीवर, गोठ्यात, बोटीवर बसणार असेल आणि मोठे पॅड असतील तर करा कल्हई.

शिकाऊ नगर
शेवटचं विचारतो, विक आडवी ओढायची की उभी?

खाडीकाठ
ट्रॅकच्या दिशेने. आडवी ओढली की बारीक ट्रॅक कडेने उचलला जातो. आणि विक गार व्हायच्या आत उचल, नाहीतर चिकटून बसते, मग ओढलीस तर पॅडसकट येते.