आज्जीच्या ट्रंकेत चाकू-चमचे सापडलेत, ठेवू का मोडीत घालू?

माहुलीचा_बाळ्या: मंडळी, साताऱ्यात पेठेतलं जुनं घर उतरवतोय, माळ्यावर आज्जीची पत्र्याची ट्रंक निघाली. त्यात दोन अडकित्ते, सहा चमचे आणि एक घडीचा चाकू. पात्यावर मुकुट, त्याच्या दोन बाजूंना व्ही आणि आर, खाली रॉजर्स, शेफिल्ड. चमच्यांच्या मागं ईपीएनएस. भंगारवाला किलोवर घेतो म्हणतोय, बायको म्हणते चांदी आहे, आधी पितांबरीनं घासून बघू का?

पेठेतला_पुतण्या: थांब!! घासू नको. ईपीएनएस म्हणजे विजेवर चढवलेला चांदीचा पातळ मुलामा, आत सगळं निकेल सिल्व्हर, नावातच काय ती सिल्व्हर, असतं तांबं, निकेल, जस्त. त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात. आपली जर्मनची पातेली वेगळी हां, ती अ‍ॅल्युमिनियमची, आमच्या आईला हे अजून पटलेलं नाही.

शेफिल्ड_रिटर्न: व्ही आर म्हणजे व्हिक्टोरिया राणी, ती १९०१ ला गेली, म्हणजे चाकू बहुतेक त्याआधीचा. रॉजर्स म्हणजे इंग्लंडातल्या शेफिल्ड शहरातली चाकू-सुऱ्यांची कंपनी, पण त्यांच्या नकला पण भरपूर निघायच्या, पात्यावर चांदणी आणि क्रॉस आहे का बघ, ती त्यांची खूण. आणि हे पातं गंजणारं. स्टेनलेस १९१३ ला आलं, तेही शेफिल्डमध्येच, हॅरी ब्रिअर्लीनं केलं, त्यामुळं पाण्यात बुडवू नको, कोरड्या फडक्यानं पूस आणि तेलाचा हात फिरव. मी कामानिमित्त तिकडं होतो तेव्हा मिलेनियम गॅलरीत धातूकामाचं दालन बघायला गेलो, तिकीट नाही काही नाही, जुन्या सुऱ्या-काट्यांसोबत आत्ताच्या कारागिरांचं कामही मांडलेलं, एका चमच्यापुढं मी दहा मिनिटं उभा, बायको बाहेर कॉफी पीत बसलेली.

सुपारी_कातर: इंग्रजांच्या चाकूचं कौतुक झालं असेल तर अडकित्त्यांचे फोटो टाका की राव! आपली कटलरी तीच, विळी आणि अडकित्ता. पुण्याला केळकर संग्रहालयात अडकित्तेच बघत बसावं असे आहेत, घोड्याचे, बायकांच्या आकाराचे. साताऱ्यात २०२४ ला लंडनहून वाघनखं आली तेव्हा बघायला केवढी झुंबड, घरातलं पोलाद मात्र किलोवर.

माहुलीचा_बाळ्या: चांदणी आहे, क्रॉस पण पुसट दिसतोय. अडकित्त्यांचे फोटो रात्री टाकतो. चमच्यांचं मात्र... दोन कालच घासून झालेत. कडांना पिवळसर दिसायला लागलेत. बायकोला अजून काही बोललो नाही.