कुतुबमिनार: जिना बंद असताना खालून काय पाहावे?

प्रश्न
पुढील महिन्यात कामानिमित्त दिल्लीला जाणार असून एक सकाळ मेहरौलीच्या कुतुबमिनारासाठी राखून ठेवली आहे. १९८१ मधील चेंगराचेंगरीनंतर मिनाराचा जिना पर्यटकांसाठी बंद झाला, हे ठाऊक आहे. मग खालून पाहताना लक्ष कशाकडे द्यावे? स्थापत्याची जुजबी माहिती असलेल्याला समजेल असे सांगावे, ही विनंती.

उत्तर १
जिन्याची खंत बाळगू नये, सुमारे ७२.५ मीटर उंचीच्या या मिनाराचे वैभव बाहेरच्या अंगालाच आहे. कुतुबुद्दीन ऐबकाने आरंभलेल्या पहिल्या मजल्यावर टोकदार आणि गोलाकार उभे पट्टे एकाआड एक येतात, तर इल्तुतमिशाने चढवलेल्या मजल्यांपैकी दुसऱ्यावर केवळ गोलाकार आणि तिसऱ्यावर केवळ टोकदार पट्टे आहेत. १३६८ मध्ये वीज पडून माथ्याची हानी झाल्यावर फिरोजशाह तुघलकाने वरचा भाग नव्याने बांधला. त्यात संगमरवर आल्याने खालून चढत गेलेले पट्टे तेथे एकाएकी थांबतात. मला तो भाग उपराच वाटतो. दुर्बीण मात्र अवश्य न्यावी, कारण सज्जांखालचे मधाच्या पोळ्यासारखे कोरीव आधार नुसत्या डोळ्यांनी नीट उमगत नाहीत.

उत्तर २
मिनारापाशीच थांबू नका. शेजारच्या मशिदीच्या दर्शनी भिंतीतील ऐबककालीन कमानी निरखून पाहिल्यास त्यांतील दगडांचे थर आडवेच असून प्रत्येक थर खालच्यापेक्षा थोडा पुढे काढलेला दिसेल. स्थानिक कारागिरांच्या हाताला तीच पद्धत होती. तेथून अलाउद्दीन खिलजीच्या १३११ मधील अलाई दरवाजाकडे गेलात, की पाचरीसारखे घडवलेले दगड एकमेकांना रेटून धरतात, अशी खरी कमान दिसते. हा शंभर वर्षांचा फरक पाच मिनिटांच्या चालीत कळतो.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मिनाराच्या आतल्या बांधणीची कल्पना येईल असे काही आहे का?

उत्तर ३
आहे. उत्तरेकडचा अलाई मिनार पाहावा. खिलजीला तो कुतुबमिनाराच्या दुप्पट उंच करायचा होता, परंतु त्याच्या मृत्यूनंतर काम सुमारे २५ मीटरवर थांबले. वरचे घडीव दगड कधी बसलेच नाहीत, त्यामुळे आतला ओबडधोबड दगड-चुन्याचा गाभा उघडा आहे. पर्यटक बहुधा त्याच्याकडे पाठ करून फोटो काढतात, म्हणून तेथे निवांत उभे राहता येते.