हीट शॉक प्रोटीन: ‘उष्माघात प्रथिन’ चालेल का?

अनुजा_नागपूर: आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या अंकासाठी काचबिंदूवर लेख करतेय. २०१८ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये उंदरांवरचं संशोधन आलं होतं. डोळ्यातला दाब वाढला की दृष्टिपटलात टी पेशी (रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या रक्तपेशी) शिरतात आणि दाब उतरल्यावरही चेतापेशींचं नुकसान चालूच राहतं. या टी पेशींचा रोख ‘हीट शॉक प्रोटीन’वर. मी ‘उष्माघात प्रथिने’ लिहिलं. खर्डा वाचून शेजारच्या काकूंनी काकांचं दुपारचं बर्डीच्या बाजारात जाणं बंद केलं! पर्याय सुचवा.

धंतोलीकर: ‘उष्माघात’ वाचलं की नागपूरचा माणूस आधी खिशात कांदा ठेवतो. ‘हीट शॉक प्रोटीन’च ठेवा, देवनागरीत.

शब्दवेल्हाळ: म्हणजे मराठी गुंडाळून ठेवा! ‘ताणप्रथिन’ काय वाईट आहे?

निवृत्त_मास्तर: अर्थाला धरून आहे. १९६२ मध्ये शास्त्रज्ञ रितोसा यांना उष्णता वाढल्यावर फळमाशीच्या लाळग्रंथीतल्या गुणसूत्रांवर फुगवटे दिसले, पुढे त्यावरून हे नाव पडलं. पण पेशीवर इतर ताण आला तरी ही प्रथिनं वाढतात. जिवाणूंतही बरीचशी तशीच असतात, आणि घोळ तिथेच आहे. अंगावरच्या-आतड्यातल्या जिवाणूंशी ओळख झालेल्या टी पेशी डोळ्यातल्या प्रथिनालाही शत्रू समजतात. जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांत दाब वाढवूनही हे नुकसान झालं नाही.

तर्रीपोहे: ‘ताणप्रथिन’ लिहा अन् पाहा. सासू म्हणेल, सुनेच्या टेन्शननं काचबिंदू झाला.

मृदुला_दे: मला खर्ड्यातलं ‘रोगप्रतिकारशक्ती हल्ला करते’ हे जास्त खटकतं. शक्ती कमी-जास्त होते. हल्ला करायला यंत्रणा लागते. शिवाय ‘शक्ती’ म्हटलं की लोक ती वाढवायला काढे घेतात, इथे तर तीच अंगावर उलटलीय. ‘प्रतिरक्षा यंत्रणा’ म्हणा.

शब्दवेल्हाळ: ‘प्रतिरक्षा’ हिंदीतून आलाय.

तर्रीपोहे: भाऊ, नागपुरात राहून हिंदीचं वावडं? आमच्या मोहल्ल्यात काचबिंदूला ‘काला मोतिया’च म्हणून राहिले लोक. मामाजींना वाटलं मोतीबिंदूच आहे, पिकला की काढू. तोवर बाजूची नजर गेली, ती काही परत येत नाही.

शब्दवेल्हाळ: म्हणूनच ‘काचबिंदू’ जपा. काच म्हणजे जाच, आवळणं. दोरीचा काच, चपलेचं काचणं. डोळ्यातला दाब बरोबर पकडलाय.

निवृत्त_मास्तर: ऐकायला छान, पण आयुर्वेदात तिमिर, काच, लिंगनाश अशा पायऱ्याच आहेत. तो ‘काच’ मोतीबिंदूच्या जवळचा. आणि दाब नेहमीच्या मर्यादेत, म्हणजे २१ मिमी पाऱ्याच्या आत असूनही काचबिंदू होतोच, मग कसला काच? प्रतिरक्षेवरचा संशय त्यामुळेही वाढला.

शब्दवेल्हाळ: प्रतिरक्षेनं आवळलं तरी काचच की!

मृदुला_दे: अनुजाताई, हे काम उंदरांवरचं आहे, याचा उपचार अजून दवाखान्यात आलेला नाही, हे ठळक छापा. नाहीतर कोणी दाबाचे थेंब सोडून आतड्याच्या मागे लागेल.

अनुजा_नागपूर: छापते. प्रथिनाचं मात्र राहिलंच.

शब्दवेल्हाळ: मास्तर, तुमचा तो ‘काच’ पुल्लिंगी की स्त्रीलिंगी? त्यावर बरंच अवलंबून आहे.