मैनाला द्राक्षबागेत द्यावं का? (लॅब्रेडोर, नाशिक)

गोदाकाठची

नमस्कार. नवऱ्याची सातपूरच्या कारखान्यातली नोकरी दिवाळीच्या तोंडावर गेली. कंत्राटी होती, त्यामुळे हातात काही पडलं नाही. माझ्या शिवणकामावर आणि थोड्या शिलकीवर आजवर निभावलं. आता पाथर्डी फाट्याचा फ्लॅट सोडून पंचवटीत दोन खोल्यांत जातोय. भाडं निम्म्यावर येतं, पण नवे घरमालक म्हणतात, कुत्रं चालणार नाही.

मैना साडेपाच वर्षांची. मुलगी चौथीत असताना आणली, आता ती नववीत आहे. मी मशीनवर बसले की मैना पायडलजवळ येऊन पडते, दोरा तुटून मशीन थांबली की मान वर करून बघते. पहिल्या पाळीची बस साडेतीनच्या सुमारास नाक्यावर येते. तिचा हॉर्न वाजला की मैना अजूनही दाराशी जाऊन शेपटी हलवत उभी राहते. नवरा आत खुर्चीत बसलेला असतो, तरीही.

खाण्याचं पोतं, गोचिडांची गोळी, लस, सगळं महाग झालंय. गेल्या पावसाळ्यात तिला गोचीड ताप आला होता. रक्ततपासण्या, सलाईन... त्यासाठी मैत्रिणीकडून घेतलेले पैसे अजून द्यायचेत. सासूबाई म्हणतात, पोरीच्या क्लासची फी थकलीय आणि कुत्रीला कसल्या गोळ्या. त्यांचं चुकतंय असं मला म्हणवत नाही.

नवऱ्याच्या ओळखीतल्या एकांची दिंडोरी रस्त्याला द्राक्षबाग आहे. "द्या आमच्याकडे, मोकळी जागा आहे, राखण करेल," म्हणतात. माणसं चांगली आहेत. पण हे ऐकल्यापासून मुलगी माझ्याशी धड बोलत नाहीये. द्यावं का? "लांब कुठेतरी सोडून या" असंही दोघांनी सुचवलं. ते मी मेले तरी करणार नाही.

बागायतदार_निफाड

ताई, माझी स्वतःची बाग आहे म्हणून स्पष्ट सांगतो. देऊ नका.

पहिलं कारण द्राक्षच. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात. कुठल्या कुत्र्याला किती बाधेल याचा नेम नसतो, थोड्या मण्यांनीही जीव जाऊ शकतो. आत्ता घडांत गोडी उतरायला लागलीय. तोडणी सुरू झाली की वेलींखाली मण्यांचा सडा पडतो. गावठी कुत्री सहसा तोंड लावत नाहीत असा माझा अनुभव आहे, पण लॅब्रेडोर म्हणजे खादाड जात, दिसेल ते गिळणार. शिवाय आमच्या फवारण्या असतात. औषधाच्या टाकीशेजारचं डबकं आणि तहानलेलं कुत्रं, मी पाहिलंय काय होतं ते.

दुसरं कारण बिबट्या. निफाड, दिंडोरी, सिन्नर, सगळीकडे उसाच्या आडोशाने तो वस्तीपर्यंत येतो आणि सगळ्यात आधी कुत्रं उचलतो. वन्यजीव संशोधक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्याच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के. राखणीचं कुत्रं रात्री शेडच्या खांबाला साखळीने बांधलेलं असतं, त्याला पळताही येत नाही. पायडलजवळ झोपणारी मैना तिथे बांधलेली मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

ते गृहस्थ चांगलेच असतील. पण मळ्यावरच्या कुत्र्याचं आयुष्य असंच असतं, त्यात त्यांचा दोष नाही.

तीन_मांजरांची_आई

सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही, असं प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण तुमचा प्रश्न घरमालकाचा आहे, तिथे हे दाखवून भांडण होईल, घर मिळणार नाही. त्यापेक्षा मैनाला घेऊनच भेटायला जा. लसीकरणाचं कार्ड दाखवा. रंगरंगोटीचं नुकसान झालं तर भरून देऊ, असं लिहून द्या. बऱ्याच घरमालकांच्या मनात भुंकणारं, अंगावर येणारं कुत्रं असतं. प्रत्यक्ष लॅब्रेडोर पाहिलं की सूर बदलतो.

पशुवैद्य_निवृत्त

माझी नोकरी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांत गेली. तिथे कुत्र्यांनाही तपासतात आणि शुल्क नाममात्र असतं, हे शहरातल्या अनेकांना ठाऊकच नाही. जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात जा. रेबीजची लस चुकवू नका, बाकीचं तिथे विचारून ठरवा.

पोत्यातलंच खाणं हवं असं काही नाही. भात, कोंबडीच्या दुकानातली कलेजी-पेटा आणि थोडं मांस, लाल भोपळा, अधूनमधून अंडं. कांदा-लसूण नको, शिजवलेली हाडं अजिबात नकोत. कायमचं घरचंच देणार असाल तर कॅल्शियमचं तेवढं डॉक्टरांना विचारा. गोचिडांसाठी रोज रात्री कानांच्या आत आणि बोटांच्या बेचक्यांत बघायचं, चिमट्याने काढायचे. गाई-म्हशींचं औषध अंदाजाने लावू नका, विषबाधा होते.

द्यायचीच वेळ आली तर "मोफत देणे आहे" अशी जाहिरात टाकू नका. मादी म्हटलं की पिल्लं काढून विकणारे टपलेले असतात. नसबंदी झालीय का? देण्याआधी घर बघून या, आठ दिवस तिथे ठेवून पाहा, आणि नाही जमलं तर परत आमच्याकडेच, हे कागदावर घ्या. नव्या घरी दोन-तीन दिवस ती नीट खाणार नाही, त्याने घाबरू नका.

सोडून देण्याबद्दल तुम्ही म्हणालात ते योग्यच. प्राण्यांचा छळ रोखणाऱ्या १९६०च्या कायद्याच्या ११व्या कलमाखाली तो गुन्हा आहे. दंड मात्र पहिल्या वेळी जेमतेम १० ते ५० रुपये. इतका क्षुल्लक म्हणूनच लोकांना भीती नाही, याची मला आजही चीड येते.

रानवारा

सगळे "ठेवा" म्हणतायत म्हणून लिहितो. ताई, ठेवणं खरंच शक्य नसेल तर चांगलं घर बघून द्या, आणि त्यासाठी कुणी तुम्हाला दगडाच्या काळजाची म्हटलं तर ऐकून घेऊ नका. मुलीला मात्र निर्णयात घ्या. घर बघायला तिलाही न्या.

गोदाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. बागेवाल्यांना आज नाही म्हणून कळवलं. द्राक्षांचं मला माहीतच नव्हतं. नसबंदी झालेली आहे.

रविवारी मैनाला घेऊन घरमालकांकडे जातोय, मुलगीही येणार आहे. त्यांनी नाहीच म्हटलं तर माझी मावसबहीण इंदिरानगरला तळमजल्यावर राहते, ती नवऱ्याला काम लागेपर्यंत ठेवायला तयार आहे. फिरवायला नवरा रोज सायकलने जाईल. खाण्याचा खर्च आमचा, तिच्यावर टाकणार नाही.

डॉक्टरकाका, पोतं संपत आलंय. घरच्या खाण्यावर किती दिवसांत आणायचं? आणि तांदळाऐवजी भाकरी चालेल का? घरात ज्वारी आहे.

पशुवैद्य_निवृत्त

चालेल. मऊ कुस्करून, मांसाच्या पाण्यात भिजवून द्या, मीठ घालू नका. आठ-दहा दिवस जुन्यात थोडं थोडं मिसळत वाढवत न्या. शी पातळ झाली तर दोन दिवस थांबा आणि पुन्हा कमी प्रमाणाने सुरू करा.