मदत हवी आहे: अमेरिकेत बाळंतविडा विकायचा तर कुंचीलाही प्रमाणपत्र लागतं का?

दुपटेवाली

नमस्कार मंडळी. मी न्यू जर्सीत, एडिसनला राहते. गेली तीन वर्षं ओळखीपाळखीत बाळंतविडे करून देतेय. कुंची, टोपडं, झबली, लाळेरं, दुपटं हे सगळं मी शिवते. आई साताऱ्याहून चांदीचे वाळे, काळ्या मण्यांच्या मनगट्या, सावंतवाडीचा रंगीत खुळखुळा आणि मोहरीची उशी पाठवते. आजवर सगळं डोहाळजेवणांतच खपायचं.

आता पहिल्यांदा एका मेळ्यात स्टॉल घ्यायला गेले, तर आयोजकांनी प्रत्येक वस्तूचं सुरक्षा प्रमाणपत्र मागितलं. म्हटलं, अहो, घरी शिवलंय, कारखाना नाही माझा. तर म्हणे, कायदा घर आणि कारखाना असा भेद करत नाही. एका प्रयोगशाळेला फोन केला. त्यांनी एका वस्तूच्या तपासणीचा जो आकडा सांगितला, तेवढे पैसे मला अख्ख्या विड्यांतून वर्षभरात सुटत नाहीत.

कोणी यातून गेलंय का? विड्यातलं काय ठेवू, काय काढू?

सुईदोरा

गेलेय, म्हणून सविस्तर लिहिते.

२००७ मध्ये शिशाचा रंग असलेली खेळणी लाखांनी परत मागवावी लागली. त्यातून ऑगस्ट २००८ मध्ये सीपीएसआयए हा ग्राहकवस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा आला. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी केलेली प्रत्येक वस्तू त्यात येते, मग ती मोठ्या कंपनीची असो की तुमच्या जेवणाच्या टेबलावर शिवलेली. शिशाची मर्यादा वस्तूत दहा लाख भागांत १०० आणि रंगात ९०. छोट्या कारागिरांनी बरीच ओरड केल्यावर २०११ मध्ये दुरुस्ती झाली. त्यातली 'स्मॉल बॅच', म्हणजे थोडे नग करणाऱ्यांची सवलत, तुमच्या कामाची आहे. आदल्या वर्षी एका प्रकारचे ७,५०० पेक्षा जास्त नग केले नसतील आणि एकूण विक्री ठरलेल्या मर्यादेत असेल (मूळ आकडा दहा लाख डॉलर, आपण त्याच्या आसपासही नाही), तर सीपीएससीकडे (हा कायदा राबवणारा सरकारी आयोग) दरवर्षी नोंदणी करायची. मग बऱ्याच नियमांसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेची सक्ती उरत नाही. नियम पाळायची जबाबदारी मात्र तुमचीच. प्रमाणपत्र तुम्हीच लिहून द्यायचं आणि प्रत्येक नगावर न निघणारं लेबल शिवायचं: कोणी केलं, कुठे, कधी, कुठल्या खेपेतलं.

रंगातलं शिसं, धातूचे दागिने आणि तीन वर्षांखालच्यांच्या वस्तूंतले घशात अडकतील असे लहान भाग, यांना ही सवलत नाही. तिथे प्रयोगशाळा लागतेच. म्हणून रंगीत खुळखुळा आधी काढा. बिनरंगी लाकडाला शिशाची तपासणी माफ आहे, पण खुळखुळ्यांचा वेगळा नियम आहेच.

सुती कापडालाही शिशाची तपासणी माफ, रंगवलेलं असलं तरी. त्यावर छपाई असेल, आरसे, टिकल्या, घुंगरू लावले असतील, तर त्यांना ही माफी नाही.

रानजाई

वाळ्यांबद्दल. चांदी ९२.५ टक्के शुद्ध असेल तर शिशाच्या तपासणीतून सुटते. पण आपल्याकडे वाळ्यात सोनार काय मिसळतो, डाग कशाने देतो, हे कोण लिहून देणार? आणि साताऱ्याहून आणून इथे विकलंत की तुम्ही आयातदार झालात, म्हणजे प्रमाणपत्र तुमच्याच गळ्यात. मी तर दागिने विकतच नाही. मनगट्याही नकोत, दोरा तुटला की मणी थेट तोंडात.

विड्यात काजळाची डबी घालत असाल तर तीही काढा. सुरमा-काजळाला एफडीएची, म्हणजे इथल्या अन्न-औषध प्रशासनाची, परवानगी नाही. आणि मोहरीची उशीही विकायला नको.

अर्धाकप

मोहरीच्या उशीवर आमच्या चार पिढ्या झोपल्या. कुणाचं डोकं वाकडं झालं नाही. उगाच घाबरवता.

सुईदोरा

अर्धाकप, घरच्या बाळाला काय द्यायचं ते तुमचं तुम्ही ठरवा. इथे प्रश्न विकण्याचा आहे. दाणेदार वस्तू सैल भरलेल्या, तोंडाभोवती बसतील अशा तान्ह्यांच्या उशांवर १९९२ मध्येच बंदी आली. कारण होतं थर्मोकोलचे मणी भरलेल्या उशा, पण नियमात शब्द 'दाणेदार' असा आहे. मोहरी दाणेदार नाही असं कुठल्या तोंडाने सांगणार?

आता कुंची. ताई, खरी गंमत तिथेच आहे. कपड्यांच्या ज्वलनशीलतेच्या नियमातून टोप्या वगळल्या आहेत, पण मान किंवा खांदे झाकत नसतील तरच. म्हणजे टोपडं सुटलं आणि कुंची अडकली! उपाय असा: कापड सपाट विणीचं, लव नसलेलं आणि चौरस मीटरला ८८ ग्रॅम किंवा जास्त वजनाचं असेल तर ती चाचणी करावी लागत नाही. झबल्यालाही हेच.

गळ्याच्या नाड्यांचा नियम साधारण दोन वर्षांपासून पुढच्या मापांच्या जाकिटांना आहे, तान्ह्याच्या कुंचीला नाही. तरी मी नाडी सोडून टिचबटण लावते. साधं धातूचं घ्या. रंगवलेलं घेतलंत की रंगाची तपासणी मागे लागली.

दुपटेवाली

सगळ्यांचे आभार, विशेषतः सुईदोराताईंचे. वाळे, मनगट्या, खुळखुळा, उशी विड्यातून काढलं. आईला अजून सांगितलेलं नाही. तिने दिवाळीसाठी सहा उशा भरून ठेवल्यात.

काल स्वयंपाकघरातल्या काट्यावर कापडं मोजली. ४४ इंची पन्ह्याचं मीटरभर कापड ९८ ग्रॅमच्या वर भरायला हवं, असा हिशोब निघाला. पॉपलीन १३० भरलं, ते पास. पण ज्या मलमलीच्या झबल्यांसाठी लोक माझ्याकडे येतात, ती भरली ७९. तान्ह्याच्या अंगाला जे सगळ्यात मऊ, नेमकं तेच नापास.

म्हणून आणखी एक विचारते. मलमल दुपदरी शिवली तर दोन्ही पदरांचं वजन एकत्र धरतात का?

सुईदोरा

मी तसं गृहीत धरणार नाही. कापडाचा तुकडा पाठवून फक्त ज्वलनशीलतेची चाचणी किती पडते ते प्रयोगशाळेला विचारा. सगळ्या तपासण्यांचा एकत्र आकडा मागू नका. तोवर झबली पॉपलीनची करा, दोन-तीनदा धुऊन मऊ करून.

रानजाई

आणि सहातली एक उशी मला हवी. बाळासाठी नाही, माझ्या मानेसाठी.