मदत हवी आहे: पावडरसाठी (ताज्या भुसभुशीत बर्फासाठी) दुसरा स्नोबोर्ड, आखूड-रुंद घेऊ की लांब?

मी डेन्व्हरला असतो, चौथा सीझन. आत्ता एकच बोर्ड आहे, १५६ सेमीचा ऑल-माउंटन ट्विन (सगळीकडे चालणारा, दोन्ही टोकं सारखी), कॅम्बर (मधे वर उचललेला), कमरेला म्हणजे मधल्या अरुंद भागात २५२ मिमी रुंद. कीस्टोन, कॉपर या स्की रिसॉर्टच्या ग्रूम्ड (यंत्राने सपाट केलेल्या) उतारांवर मस्त चालतो, पण गुडघाभर ताजा बर्फ पडला की बोर्डचं नाक (पुढचं टोक) सारखं बुडतं आणि मागचा पाय अर्ध्या तासात भरून येतो. फेब्रुवारीत गुलमर्गला जायचंय, गोंडोलाच्या (रोपवेच्या) दुसऱ्या टप्प्यावरून अफरवट डोंगरावर, सोबत गाईड आहे, त्यामुळे हिमस्खलनावरचे सल्ले नकोत प्लीज.

वजन ७८ किलो, उंची ५'९", बूट यूएस ११ (म्हणूनच वळताना बोटं बर्फाला घासतात). बाइंडिंग (बूट बोर्डला अडकवणारी) मागे सरकवून बघितली, थोडाच फरक पडला. एकदा रेंटलवर १६२ चा डायरेक्शनल (पुढच्याच दिशेने चालवायला घडवलेला) घेतला, तरंगला छान पण झाडांमध्ये वळेचना, दोनदा झाडाला मिठी मारता मारता वाचलो 😅

आता लिब टेक ऑर्कासारखा आखूड-रुंद १५३ घ्यावा की बर्टनचा १५८-१६० चा डायरेक्शनल, यात अडकलोय. बजेट ६०० डॉलर, जुना चालेल. माझी बाइंडिंग साधी चार स्क्रूवाली डिस्कची आहे, ती बर्टनच्या चॅनलवर (स्क्रूच्या भोकांऐवजी असलेल्या खाचेवर) बसत नाही, म्हणजे तिकडे गेलो तर वेगळी डिस्क शोधा. स्प्लिटबोर्ड (वर चढण्यासाठी दोन भागांत सुटणारा) नकोय, आणि विमानात एकच बोर्ड नेणार.

ज्यांनी दोन्ही प्रकार चालवलेत त्यांनी सांगा, माझ्या वजनाला १५३ खोल बर्फात पुरतो का, आणि दुपारी खाली कडक झालेल्या बर्फावर तो रुंद बोर्ड एजवर (धातूच्या कडेवर) टिकतो का?